चिखलातल्या कवचांचा पत्ता

मुंबईच्या फोर्ट भागात एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या अनेक इमारतींचे नक्षीकाम ज्या फिकट, पिवळसर दगडात कोरलेले आहे, तो सौराष्ट्रातून आला आणि पोरबंदरी दगड या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचा ताजा तुकडा भिंगाखाली धरला तर तो बारीक, गोलसर कणांचा बनलेला दिसतो. त्यांतले पुष्कळ कण म्हणजे समुद्रात राहणाऱ्या एकपेशीय जीवांची कवचे किंवा त्या कवचांचे झिजलेले तुकडे असतात. मुंबईत लष्करी शल्यविशारद म्हणून काम केलेल्या हेन्री जॉन कार्टर यांनी १८४९ मध्ये या दगडाला मिलिओलाइट हे नाव दिले, तेही मिलिओला गटातल्या कवचांवरूनच. गोम अशी की हाच दगड किनाऱ्यापासून बराच आत, चोटीला आणि गिरनारच्या उतारांवरही सापडतो. कवचे निःसंशय सागरी आहेत. मग समुद्र गिरनारपर्यंत चढला होता का? यावर भूवैज्ञानिकांत दीर्घकाळ वाद झाला, आणि आज सर्वसाधारणपणे मान्य असलेले उत्तर असे की आतल्या भागातल्या या दगडाची वाळू वाऱ्याने किनाऱ्यावरून उडवून आणली. म्हणजे कवच खरे होते, पण त्यावरचा पत्ता चुकीचा होता.

समुद्राच्या तळावर राहणाऱ्या या जीवांचा, म्हणजे तळनिवासी फोरॅमिनिफेरांचा, अभ्यास समजून घ्यायचा असेल तर ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते. गेल्या कोट्यवधी वर्षांत समुद्राचे तापमान किती होते, पाण्यात ऑक्सिजन किती होता, ध्रुवांवर बर्फ किती साठले होते, असे प्रश्न आज या कवचांना विचारले जातात आणि त्यांची उत्तरेही मिळतात. मात्र ते कवच नेमके कुठे घडले हे ठाऊक नसेल, तर त्या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही.

प्रथम हा जीव म्हणजे काय ते पाहू. फोरॅमिनिफेरा हा प्राणी नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. ती एकच पेशी असते, आणि बहुतेक जातींत ती स्वतःभोवती कवच बांधते. कवचाचा आकार साधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून एक मिलिमीटरपर्यंत, म्हणजे रव्याच्या कणाएवढा किंवा त्याहून लहान. पेशी वाढली की ती जुन्या कप्प्याला लागून नवा, बहुधा थोडा मोठा कप्पा बांधते. त्यामुळे पूर्ण वाढलेले कवच कधी गोगलगायीच्या शंखासारखे वळसेदार, कधी कणसासारखे लांबट, तर कधी वेणीसारखे दुपेडी दिसते. कप्प्याकप्प्यांमधल्या पडद्यांना जी भोके असतात, त्यांवरूनच ‘भोके धारण करणारा’ अशा अर्थाचे हे लॅटिन नाव पडले. ते नाव फ्रान्सच्या आल्सिद दॉर्बिन्यी यांनी १८२६ मध्ये रूढ केले, पण वळसेदार शंख पाहून त्यांनी या जीवांना माकुळाच्या कुळातले ठरवले होते. ही चूक त्यांच्याच देशातल्या फेलिक्स द्युजार्दाँ यांनी १८३५ मध्ये दुरुस्त केली. त्यांनी जिवंत नमुने पाहिले आणि आत अवयव वगैरे काही नाहीत, नुसता जीवद्रव्याचा ओघळ आहे, हे ओळखले.

तो ओघळ मात्र पाहण्यासारखा असतो. समुद्राच्या पाण्याच्या बशीत जिवंत फोरॅमिनिफेरा, थोडक्यात फोरॅम, ठेवून शांतपणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर काही वेळाने कवचाच्या तोंडातून अतिशय बारीक धागे बाहेर पडू लागतात, एकमेकांना मिळतात, पुन्हा फुटतात आणि कवचाच्या कितीतरी पट मोठे जाळे पसरते. प्रत्येक धाग्यात सूक्ष्म कण दोन्ही दिशांनी एकाच वेळी धावत असतात, जणू अरुंद गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ चालू आहे. हे जाळे म्हणजेच त्या पेशीचे हात, पाय आणि तोंड. त्याच्याच आधारे ती चिखलातून सरकते, जिवाणू आणि शेवाळाचे कण ओढून घेते आणि नव्या कप्प्यासाठी सामान गोळा करते.

कवच कशाचे आहे यावरूनच परिसराविषयीची पहिली खूण मिळते. काही जाती पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट वापरून पारदर्शक, काचेसारखे कवच घडवतात. मिलिओला गटाचे कवच त्याच द्रव्याचे, पण चिनी मातीसारखे पांढरे आणि अपारदर्शक असते. आणि तिसरा मोठा गट तळावरचे वाळूचे कण, अभ्रकाच्या चकत्या, इतकेच नव्हे तर दुसऱ्या जीवांची मोडकी कवचेही वेचून ती चिकट द्रव्याने जोडून घर बांधतो. साधारण चार ते पाच किलोमीटर खोलीच्या खाली समुद्राचे पाणी कॅल्शियम कार्बोनेट विरघळवते, त्यामुळे तिथे पहिल्या दोन गटांची कवचे टिकत नाहीत आणि चिकटवलेल्या कवचांचे प्रमाण वाढते. पृथ्वीवरच्या सर्वांत खोल जागी, प्रशांत महासागरातल्या चॅलेंजर डीपच्या तळातून जपानच्या काइको या यंत्राने आणलेल्या गाळात मऊ, सेंद्रिय आवरणाचे फोरॅम मुबलक सापडले; २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षातली खोली १०,८९६ मीटर होती. उलट उथळ, स्वच्छ आणि उबदार समुद्रात काही जाती शरीरात शेवाळ बाळगतात, त्याच्या आयत्या अन्नावर पोसल्या जातात आणि एका पेशीला न शोभेल इतक्या मोठ्या होतात. नाण्यासारखे चपटे न्यूम्युलाइट हे अशांपैकीच मानले जातात. कच्छमधले चुनखडक त्यांनी भरलेले आहेत, आणि गिझाच्या पिरॅमिडांचे दगडही. पिरॅमिडांच्या पायथ्याशी पडलेले हे दाणे म्हणजे मजुरांच्या जेवणातली उरलेली, दगड झालेली डाळ आहे असे लोक सांगतात, अशी नोंद ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी केली होती. आपल्याला ते पटत नाही असेही त्याने लिहून ठेवले आहे.

आज जिवंत असलेल्या फोरॅमिनिफेरांच्या हजारो जातींपैकी पाण्यात तरंगत जगणाऱ्या जेमतेम पन्नासएक आहेत. बाकीच्या जवळजवळ सगळ्या तळावरच्या. पण तळावर म्हणजे नेमके कुठे? बराच काळ असे गृहीत धरले जाई की हे जीव चिखलाच्या पृष्ठभागावर बसतात आणि खोल गाळात सापडणारी कवचे मेलेल्यांची असतात. ब्रूस कॉर्लिस यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की खोल समुद्रातल्या काही जाती गाळाच्या आत, पृष्ठभागाखाली कित्येक सेंटिमीटरवर जिवंत राहतात, आणि आत राहणाऱ्यांच्या कवचाची ठेवण पृष्ठभागावर राहणाऱ्यांहून वेगळी असते. त्यानंतर फ्रान्स योरिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या राहणीमागचे गणित मांडले. ते मुळात सोपे आहे. अन्न वरून पडते, म्हणून ते पृष्ठभागावर सर्वांत ताजे असते आणि खाली कमी होत जाते. ऑक्सिजनही वरच्या पाण्यातूनच गाळात झिरपतो आणि खाली संपतो. जिथे अन्नाची टंचाई आहे, त्या मधल्या महासागरात सगळे जीव वरच्या थरातच दाटी करतात, कारण खाली जाऊन खायला काही नाही. जिथे अन्न भरपूर आहे, तिथे ते कुजताना ऑक्सिजन संपवते आणि श्वासाविना जगता न येणाऱ्यांना खाली जाता येत नाही. या दोहोंच्या मध्ये, अन्न पुरेसे आणि ऑक्सिजनही पुरेसा असेल, तेव्हा जीव सर्वांत खोलवर पसरतात. थोडक्यात, काही सेंटिमीटर चिखलात मजल्यामजल्यांची वस्ती असते आणि कोणता मजला कोणाचा हे अन्न आणि हवा मिळून ठरवतात.

अन्नाच्या बाबतीत खोल समुद्र वाटतो तितका एकसुरी नाही. ईशान्य अटलांटिकमध्ये वसंतात पृष्ठभागावर सूक्ष्म वनस्पतींचा बहर येतो, आणि काही आठवड्यांतच त्याचा हिरवट, लोकरीसारखा कचरा हजारो मीटर खाली तळावर येऊन बसतो. अँड्र्यू गुडे यांनी १९८८ मध्ये दाखवले की एपिस्टोमिनेला एक्झिग्वासारख्या एरवी तुरळक असणाऱ्या जाती या कचऱ्यावर झपाट्याने वाढतात. म्हणून जुन्या गाळात ही जात एकाएकी वाढलेली दिसली, तर त्या काळी वरच्या पाण्यात हंगामी बहर येत असावा, असे म्हणता येते.

आता आपल्या दाराशी येऊ. अरबी समुद्रात सुमारे दीडशे मीटरपासून सुमारे बाराशे मीटरपर्यंतच्या पाण्यात ऑक्सिजन अत्यल्प असतो. मोसमी वाऱ्यांमुळे खालचे पोषक पाणी वर येते, सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांचा कचरा खाली बुडताना कुजतो आणि आधीच जुने झालेल्या, म्हणजे बराच काळ हवेशी संबंध न आलेल्या, पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजनही खाऊन टाकतो. कोकण आणि गोव्यासमोर खंडमंचाचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ सागरतळाचा, उतार जिथे या पाण्याला टेकतो, तिथला तळ ओसाड असेल अशी कोणाचीही पहिली कल्पना होईल. प्रत्यक्षात तिथल्या गाळात फोरॅम मोठ्या संख्येने असू शकतात; फक्त जाती मोजक्या असतात. बोलिव्हिना, बुलिमिना, युव्हिजेरिना अशा लांबट, पुष्कळदा पातळ भिंतींच्या, छिद्राळ कवचांचे तिथे राज्य असते. खायला भरपूर आणि हवेसाठी तडफडणारे मोठे शत्रू कमी, अशी ही जागा आहे. शिवाय निदान काही जातींना ऑक्सिजनची अडचणही आपण समजतो तितकी होत नाही. स्वीडनच्या गुलमार फ्योर्डमधल्या ग्लोबोबुलिमिना या फोरॅमवर काम करणाऱ्या निल्स रिसगार्ड-पीटरसन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की ही पेशी नायट्रेट साठवून ठेवते आणि ऑक्सिजनच्या जागी त्याचा वापर करून, त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करून, जगते. तोपर्यंत हे काम जिवाणूंचे आणि काही बुरशींचे समजले जाई.

इथे अभ्यासकाची खरी अडचण सुरू होते, आणि माझ्या मते ती पुष्कळदा हलकेच घेतली जाते. अरबी समुद्रातल्या जुन्या गाळाच्या एखाद्या थरात बोलिव्हिना वाढलेली दिसली की ‘त्या काळी ऑक्सिजन कमी झाला’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. पण अन्न वाढले की ऑक्सिजन घटतोच. दोन्ही गोष्टी हातात हात घालून येतात, आणि त्या जातीला यांपैकी काय मानवले हे नुसत्या मोजणीतून कळत नाही. ते कळण्यासाठी आजचा जिवंत जीव आज कसा जगतो हे तपासावे लागते, आणि प्राचीन हवामानाच्या आलेखांपुढे हे काम मागे पडते.

तपासणीची रीत हाताने करायची आणि वेळखाऊ आहे. जहाजावरून नुसता जबड्यासारखा पकडणारा ग्रॅब टाकला तर चिखल मिळतो, पण वरचा लोकरीसारखा थर धुऊन जातो; म्हणून शक्य तिथे पारदर्शक नळ्यांचा मल्टिकोअरर वापरतात, जो गाळात हळूच उतरतो आणि वरच्या पाण्यासकट नमुना घेऊन येतो. गाळाचा उभा खांब जहाजावरच एकेक सेंटिमीटरच्या चकत्यांत कापतात. प्रयोगशाळेत प्रत्येक चकती ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर पाण्याच्या हलक्या धारेखाली धुतली की चिकणमाती निघून जाते आणि तळाशी बारीक वाळू उरते. ती वाळवून काळ्या ताटलीवर पातळ पसरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली, दोन-चार केसांच्या ओल्या कुंचल्याच्या टोकावर एकेक कवच उचलायचे, जातीनुसार आखलेल्या चौकटींच्या पुठ्ठ्याच्या स्लाइडवर ठेवायचे, आणि साधारण तीनशे कवचे होईपर्यंत उठायचे नाही. कुंचला जरा जास्त ओला असला तर कवच त्याला चिकटून बसते, कोरडा असला तर उचललेच जात नाही, आणि कोणी जवळ शिंकले तर सकाळचे काम उडून जाते.

निवडलेल्या कवचांपैकी काही रासायनिक मोजणीसाठी जातात. पाण्यातल्या ऑक्सिजनचे एक हलके आणि एक जड, असे दोन समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, इथे महत्त्वाचे आहेत. समुद्रातून वाफ होताना हलक्याचे पाणी थोडे अधिक उडते. हिमयुगात ते बर्फ होऊन जमिनीवर अडकून पडते, त्यामुळे समुद्रात जड समस्थानिकाचे प्रमाण वाढते आणि त्या पाण्यातून घडणारे कवचही जड होते. पण पाणी थंड झाले तरी कवच जडच होते. म्हणजे आकडा एक आणि अज्ञात गोष्टी दोन. चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये वरच्या पाण्यातल्या तरंगत्या फोरॅमांवर मोजणी केली आणि फरकाचा मोठा भाग तापमानाचा मानला. निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये तळनिवासी कवचांकडे वळून ही गाठ सोडवली. त्यांचा युक्तिवाद असा: खोल समुद्राचे पाणी आजच गोठणबिंदूच्या जवळ आहे, ते हिमयुगात आणखी फारसे थंड होऊच शकत नाही, तरीही तळाच्या कवचांतला फरक वरच्यांइतकाच भरतो, तेव्हा तो मुख्यतः बर्फाचाच असला पाहिजे. खोल पाणीही थोडे थंड झाले होते हे पुढे कळले आणि वाटणी काहीशी बदलली, कवचातल्या मॅग्नेशियमच्या प्रमाणावरून तापमान वेगळे काढण्याची पद्धतही आली, पण तळाचा साक्षीदार निवडण्यातले मर्म कायम राहिले. २००५ मध्ये लोरेन लिसेकी आणि मॉरीन रेमो यांनी जगभरातल्या ५७ ठिकाणांच्या तळनिवासी कवचांच्या नोंदी जुळवून ५३ लाख वर्षांचा एकच आलेख तयार केला, आणि आजही नवा गाळ हाती आला की त्याचे वय ठरवताना बहुतेक जण तो आलेख समोर ठेवतात.

या मोजणीतही पत्ता सुटत नाही. सिबिसिडॉइडिस वुएलरस्टॉर्फी ही जात गाळाच्या वर, शक्य तर एखाद्या उंचवट्यावर राहते, म्हणून तिच्या कवचातला कार्बन तळाच्या पाण्याची खरी नोंद ठेवतो. शेजारची युव्हिजेरिना गाळात असते आणि कुजणाऱ्या अन्नातून सुटलेला कार्बन तिच्या कवचात मिसळतो. ऑक्सिजनच्या बाबतीतही या दोघींच्या आकड्यांत हजारी ०.६४ भागांचा फरक धरून दुरुस्ती करण्याची जुनी प्रथा आहे. एकाच चमचाभर चिखलातल्या दोन कवचांनी दोन निरनिराळी उत्तरे द्यावीत, आणि दोन्ही खरी असावीत, असा हा प्रकार आहे.

तळाच्या जीवांनी भोगलेले सर्वांत मोठे संकट सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. वातावरणात प्रचंड कार्बन मिसळला, पृथ्वी झपाट्याने तापली, खोल पाणीही तापले आणि आम्लधर्मी झाले. अंटार्क्टिकाजवळच्या मॉड राइज या समुद्रतळावरच्या उंचवट्यावरून काढलेल्या गाळात जेम्स केनेट आणि लोवेल स्टॉट यांना १९९१ मध्ये हा घाव स्पष्ट दिसला. खोल समुद्रातल्या तळनिवासी फोरॅमिनिफेरांच्या तीस ते पन्नास टक्के जाती त्या वेळी नष्ट झाल्या. तरंगत्या जातींवर अशी वेळ आली नाही. खालच्यांना पळून जायला जागा नव्हती.

किनाऱ्यावर या कवचांचा उपयोग अधिक घरगुती प्रश्नांना होतो. खाडीत अमोनिया ही काटक जात खारट, मचूळ, दोन्ही पाणी सोसते. दलदलीतल्या काही जाती भरतीच्या ठरावीक उंचीच्या पट्ट्यातच राहतात. हे पट्टे इतके काटेकोर असतात की डेव्हिड स्कॉट आणि फ्रांको मेडिओली यांनी १९७८ मध्ये त्यांवरून जुनी समुद्रपातळी अचूक काढता येते असे दाखवले. गुजरातमधल्या लोथल येथे एस. आर. राव यांनी उत्खननात शोधलेली विटांची प्रचंड आयताकृती रचना गोदी होती की गोड्या पाण्याचा तलाव, या वादातही फोरॅमांना साक्षीला बोलावले गेले. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले राजीव निगम यांनी तिथल्या गाळात सागरी फोरॅमिनिफेरा शोधून, भरतीचे खारे पाणी तिथवर येत होते असा निष्कर्ष १९८८ मध्ये मांडला. निव्वळ सिंचनाच्या तलावाची कल्पना त्यामुळे अडचणीत येते, हे खरे. पण कवच पाण्याविषयी बोलते, जहाजांविषयी नाही. आणि सौराष्ट्राच्या डोंगरांवर कवचे वाऱ्याने गेली होती हे ठाऊक असलेल्याने ती कवचे किती झिजलेली आहेत, लहान-मोठी मिसळलेली आहेत की एकाच मापाची, हेही विचारायला हवे. वाऱ्याने किंवा प्रवाहाने आणलेली कवचे बहुधा घासलेली आणि मापाने चाळल्यासारखी असतात. जागच्या जागी जगून मेलेल्यांत पिल्ले आणि थोराड दोन्ही सापडतात.

जागच्या जागी कोण जगत होते हे नक्की करण्याचा सरळ मार्ग म्हणजे जिवंत आणि मेलेले वेगळे मोजणे. त्यासाठी १९५२ पासून रोझ बेंगाल हा रंग वापरतात. तो जीवद्रव्याला गडद गुलाबी रंगवतो आणि रिकामे कवच पांढरे राहते. दोन्हींचा हिशेब क्वचितच जुळतो. खोल समुद्रात गाळ हजार वर्षांत एक-दोन सेंटिमीटर साचतो आणि किडे तो उकरत राहतात, त्यामुळे वरच्या एका सेंटिमीटरमधली पांढरी कवचे शेकडो वर्षांच्या पिढ्यांची असतात, तर गुलाबी कवचे त्या एका मोसमाची. शिवाय गुलाबी रंगही पूर्णपणे विश्वासाचा नाही: थंड, ऑक्सिजन नसलेल्या चिखलात मेलेल्या पेशीतले जीवद्रव्य आठवडे, कधी महिने टिकते आणि तेही निमूटपणे रंग घेते. प्रदूषणाच्या पाहणीसाठी युरोपातल्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये एकसारखी पद्धत ठरवली, तेव्हा यावर तडजोड म्हणून काही अटी घातल्या. गाळाचा वरचा एकच सेंटिमीटर घ्यायचा, १२५ मायक्रॉनहून मोठीच कवचे मोजायची, फक्त स्पष्ट, भरीव रंगलेली तेवढी जिवंत धरायची, आणि रंग आतल्या कप्प्यांपर्यंत पोचावा म्हणून नमुन्याची बरणी निदान चौदा दिवस बंद ठेवायची.